शून्य डाऊनलोडची लायब्ररी

"निम्म्या लायब्ऱ्या उद्यापर्यंत काढून टाक," उमेश सर म्हणाले. "तिघंजण मिळून किती सांभाळणार?"

उमेश सर आमच्या कोल्हापुरातल्या छोट्या कंपनीचे मालक. यंत्रं चालवण्यासाठी आम्ही एक प्रोग्रॅमिंग लँग्वेज आणि तिचा कंपायलर बनवतो. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेल्या सूचना यंत्राला कळतील अशा करून देणारा प्रोग्रॅम. लायब्ररी म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं तयार काम. मिक्सरबरोबर खोक्यात भांडी येतात, तशा कंपायलरबरोबर काही लायब्ऱ्या येतात. त्या सगळ्या साइटवरही असतात. खोक्यात काय द्यायचं, हे ठरवणारा मी.

मी एक्सेल शीट उघडली आणि प्रत्येक लायब्ररीपुढे डाऊनलोडचा आकडा मांडला. आकडा कमी, ती बाहेर. जुन्या केबलवरून तापमानाचा सेन्सर वाचणाऱ्या लायब्ररीपुढे चक्क शून्य होतं. मला फार आनंद झाला.

टेस्टिंग बघणारी सुजाता कांबळे म्हणाली, "सर, ती ऱ्हाऊ दे की. दूधवाले वापरतात."

"आकडा दाखव."

तिच्याकडे आकडा नव्हता. मी लायब्ररी काढली. संकष्टी कधी आहे ते सांगणारी कॅलेंडरची लायब्ररी मात्र ठेवली. तिला डाऊनलोड होते. ती मीच लिहिली होती, आणि बहुतेक डाऊनलोडही डेमो दाखवताना मीच केले होते. हे शीटमध्ये लिहायची सोय नव्हती.

नवीन रिलीज पेन ड्राइव्हवरून गिऱ्हाइकांकडे गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शाहूवाडीकडच्या एका दूध शीतकरण केंद्रावरून ऑपरेटर दत्तू पाटलांचा फोन आला.

"पावणं, तुमचं नवीन टाकलं आणि मशिन गप झालंय. लायब्ररी सापडत न्हाय म्हणतंय."

"साइटवरून डाऊनलोड करा ना."

"रेंज कुटं हाय हितं? तुमच्याशी बोलायला टेकडावर आलोय. सकाळचं समदं दूध टाकीत हाय. थंड ऱ्हायलं न्हाय तर दुपारपतूर नासतंय."

"मग जुनं व्हर्जन चालवा."

"तुमच्या कागदावर लिवलंय की, आधी जुनं काढा म्हणून."

तो कागद माझाच होता. ती ओळ तर मी ठळक केली होती.

घाबरलो, पण आवाज साहेबाचाच ठेवला. "तोवर कंप्रेसर हातानं चालू-बंद करता येईल का?"

"सकाळधरनं तेच चाललंय. आता बायको बटनापाशी बसलीया थर्मामीटर घेऊन. तिला रानात जायचंय. तवा लवकर या."

सुजातानं आधीच लायब्ररी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. तिला गाडीत घेऊन मी निघालो. अर्ध्या वाटेत मी म्हणालो, "पण डाऊनलोड खरंच शून्य होते गं."

"सर, ती खोक्यातच मिळत होती. डाऊनलोड कोण कशाला करंल?"

पुढचा घाट मी फार काळजीपूर्वक चालवला. दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

केंद्रावर दत्तूभाऊंची बायको स्टुलावर बसून थर्मामीटर बघत होती. सुजातानं लायब्ररी टाकली, प्रोग्रॅम कंपाइल केला. कंप्रेसर आपला आपण सुरू झाला. दूध वाचलं होतं. ते माझ्या रिलीजमुळे नाही, त्या बाईंनी जागा सोडली नाही म्हणून. मला मनापासून लाज वाटली आणि मी तसं बोललोही; लायब्ररी मीच काढली होती, हेही सांगितलं.

त्या उठल्या, थर्मामीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काढायच्या आदी इचारायचं तरी." मग आम्हाला चहा दिला. दूध जरा जास्तच होतं त्यात.

तेव्हापासून शून्य दिसलं की मी शीट बंद करतो आणि फोन लावतो. पुढच्या रिलीजला केबलची लायब्ररी खोक्यात परत आली. जागा करायला सुजातानं माझी कॅलेंडरची काढली.

त्या कॅलेंडरबद्दल अजून कुणाचाही फोन आलेला नाही. बहुतेक टेकडावर रेंज नसेल.