राजूची नकली पिस्तूल आणि आंधळगावची मंडई

आंधळगावला जायचं ठरलं ते माझ्या मामेभावाच्या, राजूच्या फोनमुळे. दिवाळीनंतर त्यांच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि गावातलीच मंडळी नाटक करतात. राजू त्यात इन्स्पेक्टर. मागच्या वर्षी त्याने लाकडी पिस्तूल रोखून खटका दाबला, समोरचा वसंता धाडकन पडला, पण पडद्यामागचा सुतळी बॉम्ब दमट निघाला आणि वसंता मरून गेल्यावर सावकाश फुटला. "राजूची गोळी एसटीनं आली," असं गाव वर्षभर म्हणत होतं. यंदा पुन्हा हसं झालं तर भूमिका दुसऱ्याला जाणार होती. राजू म्हणाला, "नागपुरातून अस्सल दिसणारी आण गा, स्वतःच आवाज करणारी."

मी मुळात संशयी. दुकानदार हसला तरी वजनकाट्याकडे पाहतो. इथे तर नागपुरातल्या खेळण्यांच्या दुकानदाराने काऊंटरवर धातूची टिकली-पिस्तूल ठेवली, मुठीवर परदेशी कंपनीचं नाव कोरलेलं. "असलीच्या बाजूला ठेवा, असलीच नकली वाटेल," तो म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. नळी पुढून बंद होती, पावतीवर 'खेळणे' असं लिहिलं होतं, मग खेळण्याला इतकं वजन कशाला? तरी घेतली. भावाचा शब्द मोडवेना.

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून गोंदियाकडची सकाळची गाडी घ्या आणि भंडारा रोडला उतरा. स्टेशन नावापुरतं भंडाऱ्याचं, आहे वरठीत. मला खिडकी मिळाली, पण बाहेर पाहायला जमलं नाही. समोरचे काका माझ्या पिशवीकडे बघत होते.

"काय हाय जी थैलीत?"

"फराळ."

"फराळ कोणी असा पोटाशी धरून बसते काय?"

थोड्या वेळाने ते उठून दाराजवळ जाऊन बसले. ते पोलिसांत तर नसतील, या विचाराने मी वरठीपर्यंत खिशातली पावती चाचपत राहिलो.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, मात्र तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागून घ्या. जवळच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ता मोटारसायकलींनी भरतो, तेवढं थांबा. मला न्यायला राजू आला होता. तुम्ही मोहाडीपर्यंत बस धरा, पुढे ऑटो मिळतो, मंडईच्या दिवसांत त्यात अर्धं अंग बाहेर ठेवून बसावं लागतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे पडले होते. वास इतका छान होता की मी पिशवी जरा सैल धरली.

घरी मामीने नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले. पण आधी पाटावर पिस्तूल ठेवून तिला हळदकुंकू लावलं. नाटकात लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला ती लावते, मागच्या वर्षी लाकडी पिस्तुलालाही लावलं होतं. मामांनी ती उचलून पाहिली. "कंपनीची वाटून राहिली," ते कौतुकाने म्हणाले. मला तर त्याचीच धास्ती होती.

दुपारी समाजमंदिरात तालीम. वसंता धान पिकवणारा उंचापुरा गडी, बारा गावांच्या मंडयांत मरून आलेला. राजूने नवी पिस्तूल रोखली, खटका दाबला, फट्ट आवाज झाला. वसंता पडलाच नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो खांबाआड गेला.

दिग्दर्शक टिकारामभाऊ वैतागले. "मराचं सोडून पळून काहून राहिला बे?"

"दुसऱ्यांदा करू," वसंता म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच. मी बंद नळी दाखवली, पावती दाखवली. त्याने दोन्ही नीट पाहिल्या.

"समजते जी मले, खेळणं हाय. पण लाकडासमोर मी आरामात मरतो. याच्यासमोर मले खरंच मराचं भेव वाटते. भेवात माणूस मराची अॅक्टिंग कशी करन?"

कुणी हसलं नाही. राजू बराच वेळ ती पिस्तूल तळहातावर तोलत बसला. त्याची अख्ख्या वर्षाची भूमिका त्या वजनावर टांगलेली होती आणि मला त्याची फार दया आली. मग त्याने ती माझ्या हातात दिली आणि घरून लाकडी आणायला सांगितली. सुतळी बॉम्ब मामीच्या स्लॅबवर मिरच्यांशेजारी उन्हात ठेवले. पडद्यामागे एकाऐवजी दोघांना बसवलं, एकाचा बॉम्ब दमट निघाला तर दुसऱ्याचा असावा म्हणून.

नाटकात राजूने खटका दाबला आणि त्याच क्षणी मागे धडाम झालं. वसंता असा काही कोसळला की माझ्या बाजूच्या बाईंनी मांडीवरच्या नातीचे डोळे झाकले. "खरीच असन व," त्या शेजारणीला म्हणाल्या. राजूची भूमिका राहिली.

नागपूरला परत येताना मात्र धातूची पिस्तूल पुन्हा माझ्याच पिशवीत होती. राजूने घरात ठेवायला नकार दिला. लोक विचारतात, नकली असलीची बरोबरी करते का? मी म्हणतो, हातात धरणाऱ्याला नका विचारू, वसंताला विचारा. हे लिहिताना ती टेबलावर आहे. आधी तिचं तोंड दाराकडे होतं, तिथून बायको ये-जा करते. भिंतीकडे फिरवली, तर पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. नळी बंद आहे, पावती ड्रॉवरमध्ये आहे, सगळं मला ठाऊक आहे. तरी अजून तिला ठेवायला दिशा सापडलेली नाही.