दादाच्या सुटातली हवा

अंतराळवीरांचे सूट तपासायच्या त्या कारखान्यात बहीणभाऊ दोघंही कामाला होते. धाकटी सुटाच्या पाठीवरचा डबा भरायची, आणि दादा तो सूट घालून हवा काढलेल्या खोलीत चालून दाखवायचा. बंद सुटात माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जाणार कुठे? म्हणून एक पंखा ती हवा ओढून घ्यायचा. गार नळीवर वाफेचं पाणी व्हायचं, ते एक फिरती चकती बाजूला काढायची, डब्यातले पांढरे दाणे कार्बन डायऑक्साइड शोषायचे, आणि तीच हवा पुन्हा दादाच्या तोंडापाशी यायची.

डबा भरताना धाकटी कुणाशी बोलायची नाही. दाणे ठोकून ठोकून बसवायची. हवा महाबिलंदर, जरा फट मिळाली की दाण्यांना चुकवून पळते. दादा म्हणायचा, "चिमणे, तुझ्या जिवावर आत जातोय हं." आईवडील लवकर गेल्यावर त्यानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. त्या नादात त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं.

एका चाचणीत ती पाणी काढणारी चकती अडकली. पाणी डब्यात शिरलं, दाण्यांचा चिखल झाला आणि हवा कडेकडेने तशीच दादाकडे परत जाऊ लागली. सुटातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रही भिजलं आणि जुनाच आकडा दाखवत राहिलं. बाहेर कुणाला पत्ता नाही. दादा चालता चालता गप्पा मारत होता. त्याने एक विनोद सांगितला, थोड्या वेळाने तोच पुन्हा सांगितला. सगळे हसले. धाकटीही हसली, तिला वाटलं, मुद्दाम पिडतोय. मग त्याची जीभ जड झाली आणि तो मटकन खाली बसला.

खोलीत हवा भरून दार उघडेपर्यंत त्याचं हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं.

काही दिवसांनी तो शुद्धीवर आला. धाकटी पलंगापाशीच होती. तिच्याकडे बघून तो अदबीने म्हणाला, "बसा ना. उभ्या का तुम्ही?"

"दादा, मी चिमणी."

"छान नाव आहे," तो म्हणाला.

डबा नीट भरला होता, असं चौकशीत निघालं. साहेबांनी मुद्दाम बोलावून तिला ते सांगितलं. तिने मान डोलावली आणि कामाला लागली. चकती बदलायला झटणाऱ्यांत ती होती. मोजायचं दुसरं यंत्र कोरड्या जागी बसवा, हा हट्ट तिचाच. शिवाय आतल्या माणसाचा नुसता आवाज ऐकायला बाहेर एक जण हवा, असं ठरलं, तेव्हा ती खुर्ची तिने मागून घेतली. त्या खुर्चीत बसून ती कधी हसली नाही.

पुढे तो सूट घालून एक जण खरोखर अंतराळात बाहेर पडला, काम उरकून सुखरूप आत आला. कारखान्यात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. धाकटी घरी आली. दादा खिडकीपाशी टॉवेलच्या घड्या घालत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी डब्यापासून. त्याने मन लावून ऐकलं.

"त्या माणसाला मागे कुणी आहे का हो?" त्याने विचारलं.

"बहीण आहे म्हणे."

"मग बरं झालं," दादा म्हणाला. "तिचा जीव भांड्यात पडला असेल."

जेवायला वाढते म्हणून ती आत गेली. नळ सोडला, आणि बराच वेळ तो बंद केला नाही.