छपराचं कौतुक

लेकीनं आम्हाला इंग्लंडला बोलावलं तेव्हा आठ दिवसांचा बेत तिनं आधीच आखून ठेवला होता. समुद्रकाठची दोन गावं आणि आतल्या बाजूची तीन-चार जुनी खेडी. जावई कामासाठी बाहेर होते, म्हणून गाडी लेकच चालवायची. हे पुढे, मी मागे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, हे राहुरीत सरकारी नोकरीतून. विमानात बसायची दोघांचीही पहिलीच वेळ.

पहिल्या गावाला समुद्र होता पण वाळू नव्हती. सगळा किनारा गोट्यांचा. चालताना पाय मुरगळत होते, वारा कानात घुसत होता आणि पांढरे पक्षी लोकांच्या हातातले तळलेले बटाटे पळवत होते. यांना सगळंच आवडत होतं. "बघ, काय जपलंय या लोकांनी," असं दर दहा पावलांवर. मी हो हो म्हणत होते. तोवर माझी काही तक्रार नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका खेड्यात गेलो. एकच वळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकी दगडी घरं आणि बहुतेक घरांवर गवताचं हातभर जाड छप्पर. कडा कात्रीनं कापल्यासारख्या. एका आढ्यावर तर गवताचाच कोंबडा करून बसवलेला. ही घरं तीन-तीनशे वर्षांची आहेत, असं लेकीनं सांगितलं आणि हे खुळावल्यासारखे फोटो काढत सुटले. मला एका घरापुढं उभं केलं. "हस की जरा. असं छप्पर पुन्हा बघायला मिळणार आहे का तुला?"

मी हसले नाही. राग आला होता, पण मी गप्प राहिले. गप्प राहायची सवय जुनी.

माझे आई-वडील पाथर्डी तालुक्यातले ऊसतोड मजूर. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचे आणि उन्हाळा लागता लागता परतायचे. ते सहा महिने घर म्हणजे कोपी. बांबू वाकवून केलेला सांगाडा आणि त्यावर उसाचं पाचट. शाळेच्या वयाची होईपर्यंत मीही त्यातच राहिले, मग आजीपाशी गावात राहून शिकले, डीएड केलं, नोकरीला लागले. नोकरीवाली मुलगी म्हणून राहुरीच्या बागायतदार घरानं मला सून करून घेतलं. माझे आई-वडील शेतकरी आहेत, एवढंच तिथं सगळ्यांना सांगायचं ठरलं. ठरलं म्हणजे यांनी ठरवलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आई-वडिलांची टोळी आमच्या घरापासून पाच किलोमीटरवरच्या कारखान्याच्या तळावर उतरली. मी रविवारी सायकलवरून जायचे. हे एकदाच आले, तेही मी फार रडले म्हणून. स्कूटर रस्त्यावरच थांबवली, इंजिनसुद्धा बंद केलं नाही. आई पदर सावरत धावत आली.

"जावईबापू, आत या की. वाकून यावं लागंल जरा, पर समदं सारवून ठेवलंय."

"नको. उशीर होतोय."

"च्या तरी घ्या. झालाच हाय."

ती कपबशी घेऊन येईपर्यंत यांनी स्कूटर वळवलीसुद्धा होती. कप शेजारच्या कोपीतून मागून आणलेला होता, आमच्याकडं चहाला पितळ्याच होत्या. आई तशीच रस्त्यात उभी राहिली. मी मागं बसून बघत होते आणि उतरले नाही. हेही मला लिहिलंच पाहिजे. मी उतरले नाही.

त्या इंग्रजी खेड्यात एका गवताच्या घरात चहाचं दुकान होतं. दार एवढंसं. हे खाली वाकले, आत शिरले आणि मागं वळून आनंदानं म्हणाले, "अगं, बघ किती वाकावं लागतं! काय मजा आहे!"

टेबलावर चहा आला. यांनी कप उचलला, छताकडं पाहिलं आणि लेकीला सांगू लागले, की गवताच्या छपराखाली कसं थंड वाटतं, माणसानं खरं तर असंच राहायला हवं.

"माझ्या आईच्या छपराखाली का नाही बसलात मग?" मी म्हणाले.

"कुठला विषय कुठं काढतेस?"

"इथलाच विषय आहे. तेव्हाही वाकूनच जायचं होतं. तेव्हाही चहाच होता."

"हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांना मराठी कळत नाही आणि ज्यांना कळत होतं त्यांच्यासमोर तुम्ही मला पस्तीस वर्षं बोलू दिलं नाही."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या बाया बशीत बघू लागल्या. लेक माझ्याकडं बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिची आजी तिच्यासाठी पाथर्डीकडची एक शेतकरीण होती, ती लहान असतानाच गेलेली.

"आई, कसलं छप्पर? काय झालं होतं?"

मी सगळं सांगितलं. कोपी, टोळी, स्कूटर, कप. हे उठून बाहेर गेले.

आम्ही बाहेर आलो तर हे गाडीपाशी पाठमोरे उभे. पलीकडच्या घरावर एक माणूस शिडीवर बसून छप्पर शाकारत होता. मी रस्ता ओलांडून सरळ त्याच्यापाशी गेले. कुठल्याशा झाडाच्या काड्या पिळून, केसातल्या आकड्यासारख्या वाकवून तो गवतात ठोकत होता. थर खालून वर रचत होता. माझा बाप अगदी असाच रचायचा. वरचा थर खालच्यावर चढला नाही तर पाणी आत येतं.

लेकीनं त्याला इंग्रजीत सांगितलं, की आपले आजोबा असं काम करायचे. तो खाली उतरला. गवताची एक पेंढी त्यानं माझ्या हातात दिली. मी तिचं बूड जमिनीवर आपटून काड्या सारख्या केल्या. तो हसला आणि काहीतरी म्हणाला.

"हे शिकायला त्याला पाच वर्षं लागली म्हणतोय," लेक म्हणाली. "आजोबा कुठं शिकले, असं विचारतोय."

काय सांगू त्याला? अवकाळी पावसात पोरं भिजू नयेत म्हणून शिकले. मी तेवढंच सांगितलं. इथं या कामाला कारागिरी म्हणतात, लांबून लोक बघायला येतात. माझ्या बापाच्या कोपीकडं बघून लोक नाकाला रुमाल लावायचे आणि हंगाम संपला की ती मोडून टाकायची. तिथं उभं राहून मला त्या भल्या माणसाचाही राग आला. त्याचा काही दोष नव्हता.

तिथून आम्ही दुसऱ्या समुद्रगावात पोचलो. किनाऱ्यावर लेक माझ्या शेजारी बसली.

"तू मला का नाही सांगितलंस गं?"

"लाज वाटायची."

"आजीची?"

मला हो म्हणवेना आणि नाही म्हणणं खोटं ठरलं असतं. शाळेत मी स्वतः ऊसतोड मजुरांच्या पोरांचे दाखले लिहिले, त्यांना पुढच्या बाकावर बसवलं. पण माझी आईही कोयता घेऊन जायची, हे त्यांना एकदाही सांगितलं नाही. नवऱ्यावरच्या रागात हा रागही होता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं हे आले. पाण्याकडं बघत म्हणाले, "त्या काळी सगळेच तसे वागायचे. मी एकटा नव्हतो."

"माझा नवरा तुम्ही एकटेच होतात," मी म्हणाले.

माफी मागतील असं मला वाटलं होतं. नाही मागितली. उरलेले दिवस आम्ही किल्ला पाहिला, चर्च पाहिलं, दगडी पूल पाहिला. यांनी फोटो काढले, पण गवताच्या घरांचे नाहीत.

आता परत येऊन चार महिने झाले. पाहुणे आले की हे सांगतात, "इंग्लंडहून आल्यापासून हिचा पारा चढलेलाच असतो." पाहुणे हसतात. मी हसत नाही.

लेक दर रविवारी फोन करते आणि आजीबद्दल विचारते. काय खायची, गाणी म्हणायची का, उसाची मोळी कशी उचलायची. मी स्पीकर लावून मोठ्यानं सांगते. हे सुरुवातीला पेपर घेऊन गॅलरीत जायचे. गेल्या रविवारी गेले नाहीत, खुर्चीतच बसून राहिले. आईच्या खांद्यावर मोळ्या वाहून पडलेल्या घट्ट्याबद्दल मी सांगत होते. ते ऐकत आहेत हे मला कळत होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही आणि त्यांना सोपं जावं म्हणून एकही शब्द गाळला नाही.