आमच्या झरीत ही बिमारी न्हाई

परभणी जिल्ह्यात कुठलंही म्हातारं माणूस गेलं, की ते कशानं गेलं याचा निकाल आमच्या आत्याबाईंनी दिल्याशिवाय ते पुरतं गेलं असं धरायची सोय नव्हती. डॉक्टर काय म्हणाले, पोरं काय सांगतात, याला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन त्या भावाच्या घरी झरीला परतल्या होत्या, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई हयात नसल्यामुळे घराचा सगळा कारभार त्यांच्याकडेच होता. पण कारभारात त्यांचा जीव नव्हता. जीव होता दुखवट्याला जाण्यात. लांबच्या नात्यातलं असो, ओळखीतलं असो, नाहीतर भावानं कधीकाळी ज्यांच्याकडून बैलजोडी घेतली होती अशा घरातलं असो, कुणी वारल्याची खबर आली की आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून, मिश्रीची डबी कमरेला खोचून एसटीच्या थांब्यावर हजर. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. आज बंद, उद्या रास्ता रोको, परवा नुसतीच अफवा. निघालेली गाडी पोचेल याचा भरवसा नसे. एकदा सोनपेठला जाताना पोरांनी वाटेत गाडी अडवली. आत्याबाई खाली उतरल्या आणि रस्त्यावर बसलेल्या त्या घोळक्याला म्हणाल्या, "बाबांनो, तुमचं चालू द्या. पण सोनपेठचा एक म्हातारा परवा गेलाय, त्याला काय झालं व्हतं ते ठाऊक हाय का कुणाला?" घोषणा देणारी पोरं गांगरली. त्यातल्या एकाला खरंच ठाऊक होतं. त्यानं सांगितलं, आणि आत्याबाई समाधानानं तिथूनच माघारी फिरल्या.

दुखवट्याच्या घरी त्या आधी मनापासून रडत. खोटं रडणं त्यांना येत नव्हतं. मग पदरानं डोळे टिपता टिपता त्यांची उलटतपासणी सुरू होई. अन्न कधीपासून उतरंना झालं? आवाज बसला व्हता का? गाठ कुठल्या अंगाला? पाणी कोणत्या विहिरीचं? कॅन्सर हा शब्द त्या 'क्यान्सल' असा उच्चारीत, कारण तो त्यांनी एसटी स्टँडवर ऐकलेला होता आणि अर्थही त्यांना साधारण तोच वाटत होता. या चौकशांमधून त्यांनी सबंध जिल्ह्याची वाटणी करून टाकली होती. सोनपेठकडच्या म्हाताऱ्यांना घशाचा होतो, कारण वरून तिखट आणि त्यावर नदीचं गार पाणी. सेलूच्या बाजूला पोटाचा, कारण तिकडची माणसं मनात ठेवतात, बोलत नाहीत. आणि वालूरला तोंडाचा. "व्यापाऱ्याचं गाव," त्या सांगत, "दिवस उगवल्यापासून तोंड चालू. झिजायचंच की ते."

राहता राहिली झरी. "आमच्या झरीत ही बिमारी न्हाई," हे वाक्य त्या देवाचं नाव घ्यावं तसं म्हणत. मग झरीची म्हातारी माणसं मरत कशी? एक खंगून गेला. एकीचं तोंड आलं ते बसलंच नाही. एकाच्या नरड्याला गाठ धरली, ती भावकीतल्या कुणाची तरी नजर लागून. एकीची अन्नावरची वासना उडाली. ही सगळी साधीसुधी मरणं होती, घरच्या घरी झालेली, त्यांना बाहेरगावच्या नावाची गरज नव्हती.

आता माझं माहेर नेमकं वालूर. मला बघायला आल्या तेव्हा आत्याबाईंनी मला ना स्वयंपाक विचारला, ना शिक्षण. माझ्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याकडली म्हातारी माणसं कशानं जातात?" वडील सरळ माणूस. त्यांनी सांगून टाकलं, की त्यांचे चुलते तोंडाच्या कॅन्सरनं गेले, औरंगाबादला नेऊन दाखवलं होतं, पण उपयोग झाला नाही. आत्याबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. परत जाताना बैलगाडीत म्हणे त्यांनी मत दिलं, "पोरगी चांगली हाय, पण गाव तोंडाचं हाय." आमचे हे हट्टाला पेटले नसते तर मी आज कुठे असते कोण जाणे. लग्नानंतर उंबरा ओलांडल्याबरोबर आत्याबाईंनी मला तांब्याभर पाणी प्यायला लावलं. "पी. इथलं पाणी पोटात गेलं की तिथलं धुऊन निघंल." पण त्यांचा स्वतःच्या पाण्यावरही पुरता विश्वास नसावा, कारण पुढे कितीतरी वर्षं मला त्या वालूरकरीण म्हणूनच हाक मारत, आणि भाजी जरा तिखट होऊन मी हाशहुश केलं की साऱ्या घराकडे अर्थपूर्ण नजरेनं बघत.

त्यांची स्वतःची मिश्री मात्र अखंड चालू असे. सकाळी चुलीवर तंबाखू भाजल्याचा खाट घरभर पसरे, आम्ही सगळे शिंकत उठत असू, आणि आत्याबाई शांतपणे ती काळी पूड हिरड्यांना लावत बसलेल्या असत. एकदा मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, मिश्रीनंच होतंय म्हणे ते."

"वालूरच्या मिश्रीनं होत आसंल," त्या म्हणाल्या. "ही झरीची हाय."

दोन्हीकडचा तंबाखू परभणीच्या एकाच दुकानातून येत होता, पण हे बोलायची माझी छाती नव्हती.

अशात एका हिवाळ्यात खबर आली, की शहरातले डॉक्टर झरीला येऊन म्हाताऱ्या माणसांची तोंडं तपासणार आहेत. आमचे हे शाळेत मास्तर, आणि शिबीर शाळेतच, म्हणून व्यवस्था आमच्याकडे. मला वाटलं आत्याबाई विरोध करतील. उलट त्यांना असा काही हुरूप चढला की विचारू नका. आता खुद्द सरकारच येऊन झरी निर्मळ आहे म्हणून सांगणार! त्या घरोघर फिरल्या. जी माणसं वर्षानुवर्षं ओसरीवरून उठली नव्हती, त्यांनाही त्यांनी उठवलं. "चला, आ करायचं आन् घरी यायचं. वालूरवाल्यांची तोंडं बंद करू." शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांची ही रांग लागली. गावाची दोन टोकं ज्या दिवसांत एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती, त्या दिवसांत वरच्या आळीचे आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतले म्हातारे एकाच रांगेत, पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभे होते, कारण बॅटरी एकच होती. ज्यांना पुढं तपासायला न्यायचं होतं त्यांना डॉक्टरीणबाई भिंतीकडच्या बाकावर बसायला सांगत. तास दीड तासात बाक भरला. मग वर्गातून दुसरा आणावा लागला. आत्याबाई रांगेचा बंदोबस्त सोडून त्या बाकांकडे बघत राहिल्या. शेवटी तरातरा पुढे गेल्या.

"बाई, तुमची बॅटरी खराब हाय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सकाळपासून उभ्या होत्या. "बॅटरी चांगली आहे, आजी."

"मग हे काय? तुमी यायच्या आधी इथं यातलं कायी नव्हतं!"

"आम्ही यायच्या आधी इथं कुणी बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळपासून वालूर, वालूर करताय. तिथली चार माणसं दवाखान्यात गेली, म्हणून तिथं या आजाराचं नाव कळलं. इथली घरीच गेली. एवढाच फरक असेल कदाचित. बरं, आता तुम्ही आ करा."

आत्याबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग कोपऱ्यातून जेमतेम शब्द सोडले, "मी बंदोबस्ताला हाय. तपासायला न्हाई." आणि घरी निघून गेल्या.

माझ्या माहेराची अब्रू साऱ्या गावासमोर अशी एका फटक्यात परत मिळाली होती, पण त्याचा आनंद मला होईना. कारण बरेच दिवस आत्याबाई भाकरी वरणात भिजवून खायच्या, एका बाजूनंच चावायच्या, आणि ठेच्याला तर त्यांनी हात लावायचं सोडलं होतं. विचारलं की दाढ दुखते म्हणायच्या. दुपारी डॉक्टर मंडळी आमच्याकडे चहाला आली. आत्याबाईंनी स्वतः चहा दिला. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून त्याही घोटभर घ्यायला बसल्या, आणि पहिल्याच घोटाला त्यांचा डोळा मिटला, खांदा वर गेला. डॉक्टरीणबाईंनी कप बाजूला ठेवला, पिशवीतून बॅटरी काढली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. आत्याबाईंनी आ केला. मी थक्क झाले. पुढे मी त्यांना कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरात आलेली पाव्हणी. न्हाई कसं म्हणावं?"

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"म्हणजे आत्ताच्या?"

आत्याबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मागल्या."

औरंगाबादला मी आणि हे घेऊन गेलो. दवाखान्याच्या खिडकीवर कारकुनानं गाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "वालूर."

"झरी लिहा हो," मी म्हटलं.

"वालूर लिवा!"

"आत्याबाई, आवो काय बोलायलात?"

"माझी सून वालूरची हाय," त्या कारकुनाला समजावू लागल्या, "म्हंजे मी बी तिथलीच की. त्यांच्याकडं पहिल्यापासून हाय ही बिमारी, एकानं काय वाढायचंय? आमच्याकडं एकबी न्हाई." मागची रांग हसायला लागली. ह्यांना घाम फुटला. कारकून बिचारा लेखणी धरून आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. अखेर हे कधी नव्हे ते आत्यावर ओरडले, आणि झरीच्या नावावर तो आजार पडला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते. अचानक म्हणाल्या, "तुज्या त्या चुलत आज्याला लय तकलीफ झाली का गं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांना मरणाबाबतीत कुणी फसवू शकत नसे. "झाली," मी म्हटलं. "पण त्यांना लय उशिरा आणलं होतं. तुमचं तसं न्हाई."

कमरेची मिश्रीची डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "फेकू नको. घरी गेल्यावर चुलीत घाल. फेकलीस तर कोन तरी उचलंल."

गालाचा आतला बराच भाग काढावा लागला, मग विजेचे शेक देऊन झाले. आत्याबाई वाचल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, त्यामुळे त्या रागावल्या तरी हसल्यासारख्या दिसत आणि गडीमाणसं त्यांना भिईनाशी झाली, याचं त्यांना फार वाईट वाटे. पण झरीला परतल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर ह्यांच्याकडून एक बॅटरी मागून घेतली. दुखवट्याला जाणं थांबलं नाही. फक्त आता गेलेल्या माणसाची चौकशी आटोपती घेऊन त्या राहिलेल्यांकडे वळत. "आ करा." व्याही नाही, पाव्हणा नाही, भजनी मंडळ नाही. एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारबुवाला त्यांनी झरी ते परभणी तोंड मिटू दिलं नाही. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर त्यालाही म्हणाल्या, "गुटका खातूस वाटतं. वाक खाली."

एकदा मला बरोबर घेऊन त्या ओढा ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेल्या. जन्मात पहिल्यांदा. बाकावर बसवलेल्यांपैकी भागीरथाबाई नावाच्या म्हातारीनं दवाखान्यात जायला साफ नकार दिला होता. ती दारात गवऱ्यांपाशी बसली होती. आत्याबाईंनी बॅटरी पुढे केली. भागीरथाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"आजवर दाराला आला न्हाईत, आन् आता थेट तोंडात बघायलाय व्हय? आदी तुमचं दाखवा."

मला वाटलं, आता भडका उडणार. आत्याबाई मुकाट्यानं जमिनीवर बसल्या, बॅटरी भागीरथाबाईंच्या हातात दिली आणि आपलं वाकडं तोंड उघडता येईल तितकं उघडलं. भागीरथाबाईंनी बराच वेळ आत बघितलं. मग विचारलं, "जेवता येतं का?"

"येतं. ठेचा तेवढा न्हाई."

"ठेच्याबिगर काय जगणं," भागीरथाबाई म्हणाल्या. पण आठवड्यानं त्या ह्यांच्याबरोबर औरंगाबादच्या गाडीत बसल्या. सगळेच बसले नाहीत. या वयात कशाला चिरफाड म्हणून बरेच घरीच राहिले आणि गेले, आणि आता प्रत्येकाच्या जाण्याला ते एकच नाव लागू लागलं. झरी पंचक्रोशीत बदनाम झाली. सोनपेठच्या एका घरानं तर आमच्या भावकीतली मुलगी करायला नकार दिला, गाव तोंडाचं आहे म्हणून. आत्याबाई पहिल्या गाडीनं सोनपेठला जाऊन त्यांच्या ओसरीवर बसल्या. "येड्यांनो," म्हणाल्या, "आमच्यात जास्त न्हाई. आमी तोंड उघडलं, तुमी मिटून बसलाव." आणि मग त्या घरातल्या आजोबांना आ करायला लावूनच उठल्या. मुलगी दिली त्या घरात. सुखात आहे.

पुढं त्यांची दृष्टी मंदावली. बॅटरी लावूनही नीट दिसत नसे, तरी हात थांबत नसत. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी मी अंगणात शेंगा निवडत बसले होते. त्या काठी टेकत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आ कर." माझी मुलं कॉलेजात जाण्याजोगी झालेली, शेजारणी बघतायत, तरी मी मुकाट्यानं आ केला. त्यांनी उन्हाकडे माझी हनुवटी वळवली. बोट आत घालून एक एक गाल चाचपला, जीभ उचलून पाहिली. दिसत काही नव्हतंच, बोटांनीच वाचत होत्या. "साफ हाय," त्या म्हणाल्या. मग हात काढून घ्यायचा विसरल्यासारखा माझ्या गालावर तसाच राहू दिला, आणि आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसून राहिलो.

त्याच थंडीत एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. वय झालं होतं, दुसरं काही नाही. मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयाकडे सरकायला लागलेय. चांगले दातांचे डॉक्टर परभणीत झालेत, तिथं मी वर्षातून एकदा जाते. खुर्ची मागे झुकते, वर दिवा लागतो, ते दोन मिनिटांत बघून सगळं ठीक आहे म्हणतात. मी तोंड मिटते, पण लगेच उठवत नाही.