गयाकाकूंचे उपास

महिन्यापूर्वी कारंज्याहून फोन आला, गयाकाकू गेल्या. फोन ठेवला आणि पहिलं मनात आलं ते हे, की आता त्या आमच्या घरचं पाणी कधीच पिणार नाहीत... माणूस गेल्यावर असलं काही आठवू नये, पण आठवलं.

सत्तरच्या दशकात कारंज्यातच, धनजच्या रस्त्याला, जिनिंगच्या मागे आमची लहानशी वस्ती होती. दारातून जैन मंदिराचं शिखर दिसायचं आणि हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार वळणापर्यंत लागायची. आमचं घर बौद्धांचं, वडील मास्तर. भिंतीला भिंत लागून गयाकाकू, शेतीवाल्या कुणब्याच्या घरातल्या. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी त्या आमच्याकडे यायच्या. आई तापाने पडली तेव्हा आमच्याच चुलीवर भाकरी थापून त्यांनी आम्हा भावंडांना जेवू घातलं. मात्र आईने चहाचा कप पुढे केला, की ठरलेलं, "आज मले उपास हाये, बाई." सोमवार, गुरुवार, शनिवार... त्यांच्या उपासांना वार पुरत नव्हते.

धर्मांतरानंतर आईने उपास सोडले होते, पण ती हट्टाची. एकदा तिने मुद्दाम भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. "उपासाचंच हाये, खा आता." काकू हसल्या, म्हणाल्या, "आज निर्जळी हाये वं." आईही हसली. त्या गेल्यावर मात्र तिने ती भगर आमच्या ताटांत आदळली. पुढे दुष्काळ पडला, रेशनची लाल ज्वारीही पुरेनाशी झाली, तरी आईचं विचारणं आणि काकूंचे उपास थांबले नाहीत. काकू मायेच्या होत्या, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी एकदा तरी आमच्याकडे घोटभर चहा घ्यावा, एवढंच आईला हवं होतं. ते न होताच ती गेली, याचा राग माझ्यात अजून आहे.

परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. दुष्काळाच्या साली नांदायला आलेली त्यांची थोरली सून चुलीजवळ बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या घरून आल्या का त्या दिवशी जेवतच नव्हत्या. मी इचारलं, काहून? त म्हने, मास्तरनीले उपास सांगून आली, आता जेवली त झूट होईन."

"दुष्काळातबी?"

"हो ना. आमाले वाढून देत अन् सोता नुसत्या बसून राहत."

तिने काकूंचा पाट दाखवला, आमच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. एवढी भूक सोसली, पण आमचा चहा नाही घेतला... आईला हे कळलं असतं, तर निदान दुष्काळात तरी तिने कप पुढे केला नसता.