नंबरकाका आणि फौजदाराचा डावा डोळा

आमच्या ह्यांना सगळी गल्ली नंबरकाका म्हणते. चष्म्याचं दुकान आहे ना. कोणीही समोर आलं की हे आधी त्याच्या डोळ्यांत बघतात आणि मग माणूस ओळखतात. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्याकडे असे टक लावून बघत बसले की मी आपली लाजून चूर. आणि तोंड उघडून म्हणतात काय, "उजव्या डोळ्याला थोडा नंबर असावा तुम्हाला." डोंबल माझं! बरं, तपासलं तर निघाला की नंबर. मग काय बोलणार?

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना तिचा ससा आमच्या गळ्यात मारून गेली. पांढराशुभ्र, कानांची टोकं तेवढी करडी. मनासारखं झालं नाही की मागचे पाय दाणकन आपटतो, म्हणून त्याचं नाव फौजदार. मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं, ह्याचं मी काही करणार नाही, मला आधीच एक जण सांभाळायचा आहे. ह्यांनी ते मनावर घेतलं. दुकानातून आले की हातपाय धुवून थेट जमिनीवर फतकल मारायचे आणि फौजदार मांडीवर चढून बसायचा. पोटच्या पोरीचे एवढे लाड केले नव्हते ह्या माणसाने.

मग एक दिवस फौजदाराच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. गालावरचे केस ओले होऊन चिकटले. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तर हे म्हणाले, "अगं, डोळे आलेत त्याचे. आले तसे जातील." डोळ्याच्या बाबतीत आमच्या घरात ह्यांचा शब्द शेवटचा. भिंग लावून बघितलं, कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसलं, औषधाच्या दुकानातून थेंब आणले. थेंब टाकले की डोळा कोरडा व्हायचा, थांबवले की पुन्हा धार. असं किती वेळा झालं, त्याला गणती नाही. तो आपला एक डोळा मिटून बघायचा आणि शेजारीण म्हणायची, "काकू, तुमचा ससा मला डोळा मारतोय!" आम्ही हसायचो. हसायला नको होतं.

शेवटी ह्यांनी शोध लावला. गवत! त्याच्या वाळलेल्या गवताचा भुसा डोळ्यात उडतो, काड्या टोचतात. झालं, गवत बंद. खाली जुने मऊ टॉवेल अंथरले, खिडकी लावून घेतली. खायला काय? तर भिजवलेला पाव, किसलेलं गाजर, साल काढलेली काकडी. मी म्हटलं, "अहो, ससा आहे तो, तुमच्यासारखा कवळी लावत नाही." तर म्हणाले, "तुला डोळ्यातलं काय कळतं?" आणि खरं सांगते, काही दिवस पाणी कमी झालंही. हे इतके खूश होते की दुकानातल्या गिऱ्हाइकांना बोलावून सांगायचे.

पण फौजदाराने किसलेलं गाजरही सोडलं. हनुवटी लाळेने ओली राहायला लागली आणि डावा डोळा जरा पुढे आल्यासारखा दिसायला लागला. पाय आपटणं बंद. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी पिशवीत टॉवेल घातला, टॉवेलात ससा घातला आणि म्हटलं, "चला. नाहीतर मी एकटी निघाले." हे मुकाट्याने चपला घालून आले.

जनावरांची डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाची. तिने फौजदाराच्या उजव्या डोळ्यात हिरव्या रंगाचा थेंब टाकला. थोड्या वेळाने नाकपुडी हिरवी झाली. मग डाव्या डोळ्यात टाकला. नाकातून काहीच आलं नाही, सगळा रंग गालावर ओघळला. "काका, डोळ्यातलं पाणी आतल्या नळीतून नाकात उतरतं," ती म्हणाली, "ह्याची नळी बंद आहे. आता बघू या पाणी कुठे मुरतंय." असं म्हणून तिने बत्ती घेतली आणि डोळ्यात न बघता त्याच्या तोंडात बघितलं.

हे चक्रावले. "तोंडात काय बघता? दुखणं डोळ्याचं आहे."

"दुखणं दातांचं आहे, काका." सशाचे दात म्हणे जन्मभर वाढतात. गवत चावून चावून ते झिजतात. झिजले नाहीत की मुळं वर सरकतात आणि ती नळी दाबून टाकतात. ह्याच्या डोळ्यामागे आता पू झाला होता. दात ती घासून देणार होती, पण डोळा काढावा लागणार होता. नाही काढला तर ससाच जाईल, असं तिने सरळ सांगितलं.

ह्यांनी फौजदाराच्या कानांवरून हात फिरवला. मग विचारलं, "गवत बंद केल्याने?"

"दात मुळातच थोडे वाकडे असणार," ती बिचारी समजुतीने म्हणाली. "पण गवत थांबलं आणि वाढ जोरात झाली."

ह्यांनी पहिलं वाक्य ऐकलंच नाही. दुसरं तेवढं घेऊन घरी आले. दुकानात एका बाईच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवून दिली. उभ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. चूक केली ती जीव लावूनच केली ना त्या माणसाने?

फौजदार घरी आला तो शिवलेल्या पापणीचा. खाल्लं नाही तर वाचणार नाही, असं डॉक्टरीणबाईने बजावलं होतं. भरवायला पातळ खाणं दिलं होतं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं, त्याने आपणहून चावायला हवं होतं. हे डावीकडून हात पुढे करायचे आणि तो दचकून कोपऱ्यात पळायचा. ह्यांना वाटायचं, माझ्यावर राग धरलाय. मीच म्हटलं, "अहो, तिकडचं त्याला दिसत नाही. उजवीकडे बसा. आणि आत शिरताना आवाज द्या."

तेव्हापासून हे खोलीत शिरताना बोलतात, "मी आहे रे, मी." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कधी असा आवाज दिला नाही, पण ते जाऊ दे.

एक दिवस दुपारी दारातून बघितलं. हे त्याच्या उजव्या बाजूला बसलेले, हातात गवताची एकेक काडी, आणि पुटपुटत होते, "माझ्या हातून गेला रे तुझा डोळा. मीच घालवला." फौजदाराने काडी हुंगली. मग दातात धरली आणि करकर चावायला लागला. ह्यांना त्याचंही भान नव्हतं. ह्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तेच ते बोलणं चालूच.

मला राहवलं नाही. मी आत जाऊन शेजारी बसले. "पुरे आता," मी म्हटलं. "त्याने ते कधीच सोडून दिलंय. दुसरी काडी द्या, तो वाट बघत थांबलाय."