ट्रेलरच्या मागचा डोळा

१४ मे २००८. आज मुरबाडला जाऊन मागचं दाखवणारा कॅमेरा बसवायचा होता. जीपमागच्या आमच्या नाश्त्याच्या ट्रेलरने मागे घेताना शेजाऱ्यांचं कुंपण दोनदा पाडलं होतं. तिसऱ्यांदा पडलं तर वाट बंद, असं त्यांनी बजावलं होतं.

"जीपच्या मागे लावा," मी म्हटलं. गॅरेजवाल्याने कानावरच्या पेन्सिलीने डोकं खाजवलं, मला जीपमध्ये बसवलं आणि स्वतः ट्रेलरमागे जाऊन उभा राहिला.

"दिसतो का, ताई?"

"नाही."

"मंग जीपला लावून काय दिसंल? ट्रेलरचं तोंड! त्याच्या ढुंगणाला लावू. आजवर मागचं कोन सांगायचा?"

"आमचे हे. 'येऊ दे, येऊ दे' करत."

"तरीच!"

१५ मे. सकाळी ट्रेलर मागे घेताना जीपमधल्या पडद्यावर कुंपणाआधी आमचे हेच दिसले, मधोमध, हात हलवत. मी ब्रेक दाबला आणि त्यांना कांदे चिरायला पाठवलं.